‘मुळे’ या प्रत्ययाची जबाबदारी : ड जीवनसत्त्व आणि हृदयस्नायू यांविषयीच्या मराठी लेखनाचे परीक्षण

पिंपळे सौदागर हे पवनाकाठचे एके काळचे शेतीचे गाव. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत आणि पुष्कळ रहिवाशांचा दिवस हिंजवडीच्या कचेऱ्यांत, दिव्यांच्या उजेडात जातो. अशा ठिकाणी ड जीवनसत्त्वाची चर्चा व्हावी हे स्वाभाविकच होय. प्रस्तुत लेखकाच्या इमारतीतील सूचनाफलकावर मध्यंतरी एक पत्रक लागले होते. ड जीवनसत्त्वाच्या अभावामुळे हृदयाचा स्नायू दुबळा होतो व ते घेतल्याने बळकट होतो, असा त्याचा आशय. जिना चढताना धाप लागणाऱ्या एका वृद्ध शेजाऱ्यांनी ते वाचून गोळ्या सुरू केल्या आणि डॉक्टरांकडे जाणे दोन महिने लांबविले. तेव्हा हे परीक्षण केवळ शब्दांचे नव्हे.

पत्रकातील विधान सर्वस्वी खोटे नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. हृदयस्नायूचे आकुंचन कॅल्शियमवर अवलंबून असते आणि आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यास ड जीवनसत्त्व लागते. त्याचा तीव्र अभाव होऊन रक्तातील कॅल्शियम फार उतरले, तर हृदय खरोखरच निकामी होऊ लागते. आग्नेय इंग्लंडमधील अशा 16 अर्भकांचा वृत्तान्त 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी तीन दगावली; उपचारांनंतर वाचलेल्यांचे हृदयकार्य सुधारले. येथे ‘मुळे’ हा शब्द अगदी यथार्थ आहे.

परंतु प्रौढांविषयी तोच शब्द वापरताना लेखक एक मोठी उडी घेतो. हृदयरोग्यांत या जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी आढळते, एवढेच निरीक्षण असते. आजारी मनुष्य उन्हात कमी जातो; वार्धक्य आणि स्थूलता यांतही हे प्रमाण घटते. म्हणजे जे कारण म्हणून सांगितले जाते, ते परिणामही असू शकेल. या शक्यतेला ‘मुळे’ जागाच ठेवीत नाही. ‘आढळते’ हे क्रियापद ठेवते.

पत्रकाचे दुसरे विधान तर स्वतंत्र पुराव्याची अपेक्षा करते. अमेरिकेत 25,871 प्रौढांवर झालेल्या, 2019 साली छापल्या गेलेल्या चाचणीत रोज 2000 एकके सुमारे पाच वर्षे देऊनही हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांसारख्या घटना कमी झाल्या नाहीत. लीड्स येथील 2016 च्या चाचणीत जीवनसत्त्वाची न्यूनता असलेल्या, हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांना वर्षभर रोज 4000 एकके दिली. हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता वाढली; पण सहा मिनिटांत चालता येणारे अंतर वाढले नाही. मापनयंत्रावरील सुधारणा आणि रुग्णाच्या पायांतील बळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘हृदय बळकट होते’ या एका वाक्प्रयोगात त्या दोन्ही एकजीव होऊन जातात.

‘जीवनसत्त्व’ ही संज्ञाही येथे थोडी दोषी ठरते. नाचणीसत्त्व, गुळवेलीचे सत्त्व यांच्या सहवासाने ‘सत्त्व’ म्हणजे पौष्टिक अर्क, आणि तो जितका अधिक तितका हितकर, असा भाव मराठी मनात रुजलेला आहे. वस्तुतः ड जीवनसत्त्व उन्हात त्वचेमध्ये तयार होते, यकृत व मूत्रपिंड यांत त्याचे रूपांतर होते आणि मग ते संप्रेरकासारखे कार्य करते. अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून अपायही होतो. संज्ञा आता रूढ झाली आहे, ती बदलावी असे आमचे म्हणणे नाही. तिच्या सावलीचे भान मात्र असावे.

सामान्य वाचकासाठी भाषा सोपी हवी, असा आक्षेप येईल. तो योग्यच आहे. पण सोपेपणा आणि निश्चयात्मकता एक नव्हेत. ‘हृदयरोग्यांत हे जीवनसत्त्व कमी आढळते, ते घेतल्याने हृदयरोग टळतो असे दिसलेले नाही, धाप लागत असल्यास प्रथम तपासणी करावी’ हे वाक्य आमच्या शेजाऱ्यांना सहज समजले असते. ते दोन महिने वाचविण्यास एवढी मराठी पुरेशी होती.