दृष्टांतातला पक्षी

मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षी जाय दिगंतरा' या ग्रंथाचे नाव ऐकताच वारकऱ्याला जनाबाई आठवतात, कारण ते शब्द त्यांच्याच अभंगातले आहेत. विठाई लेकरांना कशी सांभाळते हे सांगायला जनाबाईंनी पक्षी, घार, वानर असे दाखले घेतले. कीर्तनकार दाखला सांगतो आणि सिद्धांताकडे वळतो. तेच त्याचे काम. पण त्या वळणावर पक्षी मात्र मागे राहतो. चितमपल्ली तिथेच थांबतात. हा पक्षी कोणता, घरटे कशाचे, पिलांना भरवतो काय, हे ते पाहत बसतात.

सोलापूरला १९३२ साली जन्मलेल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या या वनाधिकाऱ्याची नोकरी नवेगावबांध, मेळघाट अशा रानांत झाली. पुढे बरीच वर्षे ते आमच्या नागपुरातच राहिले. त्यांची भाषा सजवलेली नाही. रानातल्या माणसांच्या तोंडचे शब्द त्यांनी ग्रंथात आणले आणि जिथे शब्द नव्हता तिथे घडवला. कावळ्यांच्या वसाहतीला त्यांनी 'काकागार' म्हटले. नाव कळले की झाड आणि पाखरू ओळखीचे होते, आणि ओळखीच्यावर सहसा कुऱ्हाड उचलत नाही.

एक उणीवही सांगितली पाहिजे. डोळ्यांनी पाहिलेले आणि रानातल्या लोकांकडून ऐकलेले त्यांच्या लेखनात पुष्कळदा एकाच पंगतीला बसते. पशुपक्ष्यांची भाषा जाणणाऱ्या निळावंतीची कथा रंजक आहे, पण ती कथा म्हणूनच वाचावी. आपल्या कीर्तनात विधानामागे प्रमाण द्यावे लागते. इथे प्रमाणाची निवड वाचकाने करायची आहे. तसे वाचले तरी आश्चर्य कमी होत नाही, उलट पक्के होते.

याचा वारीशी संबंध आहे. आषाढात सुगरणीची वीण चालू असते. पाण्यावर झुकलेल्या बाभळीला नर खोपा विणतो, मादी तो पारखून घेते. एरवी दाणे टिपणारी ही पाखरे पिलांना किडे-अळ्या भरवतात. जनाबाईंचा दृष्टांत पालखीच्या वाटेशेजारीच घडत असतो. ती बाभूळ तोडली, विहिरीत पत्रावळी आणि प्लास्टिक टाकले, तर चारा घेऊन परतलेल्या पाखराने जायचे कुठे? आणि मग तो अभंग आपण कोणत्या तोंडाने म्हणायचा?

चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले. त्याच दिवशी तुकोबारायांच्या पालखीने देहूहून प्रस्थान ठेवले होते. येत्या वारीत मुक्कामावर हरिपाठ झाला की दिंडीतल्या एखाद्या वाचत्या मुलाकडून या ग्रंथातले एक प्रकरण मोठ्याने वाचून घ्यावे. सकाळी चालताना बाभळीकडे मान आपोआप वर जाईल.

राम कृष्ण हरी.

— रामदासपेठ, नागपूर