खेळाचे वर्णन आणि खेळाची भाषा : पर्यायी व्यावसायिक लीगच्या प्रक्षेपणाचा एक विचार

दूरचित्रवाणीवरून सामना दाखविला जात असता दोन कामे एकाच वेळी चालू असतात. काय घडले ते कॅमेरा दाखवितो. जे घडले त्याला नाव देण्याचे काम निवेदकाकडे असते. जुन्या, रुळलेल्या स्पर्धांत हे दुसरे काम तुलनेने सोपे असते, कारण नावे प्रेक्षकाजवळ आधीच असतात. नव्याने उभारलेल्या व्यावसायिक लीगची स्थिती निराळी आहे. तिचे संघ काल जन्मलेले असतात, तिला स्मृती नसते, आणि तिचे नियमही पुष्कळदा पडद्याच्या सोयीसाठी घडविलेले असतात. अशा लीगच्या प्रक्षेपणात भाषेवर जो भार येतो, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांतील प्रेक्षक समोर ठेवला आहे. या प्रेक्षकाला असल्या लीगचे मैदान सहसा दिसत नाही. खेळ त्याच्यापर्यंत पोचतो तो पडदा आणि शब्द या दोनच वाटांनी. म्हणून शब्दांची कसोटी तेथे अधिक कडक लागते.

प्रस्थापित स्पर्धेला पर्याय म्हणून दूरचित्रवाणीच्या आधारावर लीग उभारण्याची कल्पना मूळ अमेरिकेतील. तेथील फुटबॉलमध्ये युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग 1983 ते 1985 असे तीन हंगाम वसंत ऋतूत खेळली गेली आणि तिची सारी भिस्त प्रक्षेपणाच्या करारांवर होती. पुढे 2001 साली कुस्तीच्या करमणुकीचा धंदा करणारी संस्था आणि एन.बी.सी. ही वाहिनी यांनी मिळून एक्स.एफ.एल. काढली. तिच्या प्रक्षेपणात खेळाडू व प्रशिक्षक यांच्या अंगावर ध्वनिक्षेपक बसविले होते आणि कॅमेरेवाले मैदानात शिरत होते. प्रेक्षकाला खेळाच्या आत नेण्याचा हा प्रयत्न होता. तथापि खेळाच्या आतले आवाज ऐकू येणे आणि खेळ समजणे या भिन्न गोष्टी आहेत. डाव का रचला, तो का फसला, हे सांगणारी भाषा ध्वनिक्षेपकातून आपोआप येत नाही. ती लीग एका हंगामातच बंद पडली. तिच्या अपयशाला इतरही कारणे होती. परंतु प्रक्षेपणाचे तंत्र वर्णनाची जागा घेऊ शकत नाही, एवढा बोध तीतून निश्चित मिळतो.

याच कल्पनेची एक शाखा महाराष्ट्राच्या नावापर्यंत येऊन पोचली, हे फारसे कोणाच्या स्मरणात नसेल. 2011 साली एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या नावाने अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलची व्यावसायिक लीग घोषित झाली. तिचा पहिला हंगाम 2012 साली श्रीलंकेत कोलंबो येथे खेळविण्यात आला आणि सामने मागाहून टेन स्पोर्ट्स वाहिनीवर दाखविण्यात आले. अंतिम सामन्यात ‘पुणे मराठाज’ या संघाने ‘दिल्ली डिफेंडर्स’ संघाचा 6–0 असा पराभव केला. पुण्याचे नाव लावणारा संघ परदेशात विजयी झाला आणि पुण्यात त्याची चर्चादेखील झाली नाही. याचे नवल वाटावयास नको. या खेळाची परिभाषा मराठीत कधी घडलीच नव्हती. चेंडू अंतिम रेषेपलीकडे नेण्याला, प्रतिपक्षाला अडवून धरण्याला, डावांच्या मर्यादित संधींना मराठीत शब्द नव्हते, आणि ते घडविण्याइतका काळ ही लीग टिकली नाही. संघाच्या नावात ‘मराठा’ हा शब्द होता. खेळात मराठीचा अंश नव्हता. स्थळाचे नाव घेतल्याने स्थळाचा प्रेक्षक मिळत नाही.

येथे कोणी असे म्हणेल की, परक्या खेळाचे असेच व्हावयाचे. परंतु मराठीचा अनुभव याच्या विरुद्ध साक्ष देतो. क्रिकेट हाही परकाच खेळ. त्याला वृत्तपत्रांनी आणि आकाशवाणीवरील धावत्या वर्णनांनी मराठीत आणले. बाळ ज. पंडित यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. चौकार, षटकार, झेलबाद, धावबाद, पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिरक्षक ही शब्दसंपदा आज मराठी माणसाला कृत्रिम वाटत नाही. ‘त्रिफळाचीत’ या शब्दात तर तीन यष्ट्यांचे चित्र आणि कुस्तीतील चीत होणे यांचा मिलाफ झाला आहे. परक्या खेळातील घटनेला ओळखीच्या खेळातील घटनेच्या आधारे नाव द्यावयाचे, ही त्यामागील रीत होय. तेव्हा खेळ परका असणे हा वर्णनाचा अडथळा नव्हे. नाव देण्याचे कष्ट कोणी घेतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

या पार्श्वभूमीवर अल्टिमेट खो-खो या लीगचे प्रक्षेपण पाहावे. आरंभी उल्लेखिलेल्या प्रकारातील हिच्याइतके मराठीला जवळचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. खो-खोचे नियम 1914 साली पुण्यास डेक्कन जिमखान्यात बांधले गेले. या खेळाचे सगळे शब्द येथल्या मातीतले आहेत : पाटी, खांब, गडी, तुकडी, साखळी, हुलकावणी, खो देणे, सूर मारणे. लीगचा पहिला हंगाम 14 ऑगस्ट ते 4 सप्टेंबर 2022 या काळात पुण्याजवळ बालेवाडी येथे झाला आणि इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू यांबरोबर सोनी मराठी या वाहिनीवरूनही तो दाखविला गेला. मराठी खेळ, मराठी मुलुख आणि मराठी वाहिनी असा त्रिवेणी योग जुळून आला होता.

लीगने खेळात काही बदल केले आणि त्यांना नावे दिली. या नावांची छाननी केली असता ती सर्व एका मापाची नाहीत असे दिसून येते. ‘वजीर’ हे नाव पाहा. पाठलाग करणाऱ्या गड्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत ती सोडावयाची नाही, हा खो-खोचा मूळ निर्बंध. लीगने एका गड्याला तो निर्बंध माफ केला. त्याला कोणत्याही दिशेने धावता येते. बुद्धिबळातील वजिराची चाल ठाऊक असलेल्याला हा नियम नावातूनच कळतो. ‘त्रिफळाचीत’ शब्दामागील रीत येथे पुन्हा दिसते, आणि म्हणून या नावाचे स्वागतच करावयास हवे.

‘पॉवर प्ले’ या नावाचा प्रकार उलट आहे. त्या अवधीत आक्रमण करणाऱ्या संघाला दोन वजीर मिळतात. परंतु हा शब्द मराठी प्रेक्षकाने क्रिकेटमध्ये ऐकलेला असतो आणि तेथे तो क्षेत्ररक्षणावरील बंधनांशी निगडित आहे. परिणामी शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ चुकीच्या दिशेने नेतो. वास्तविक ‘दोन वजिरांचा डाव’ असे म्हटले असते, तरी नियमाचा उलगडा झाला असता. ‘ड्रीम रन’ची गोष्ट याहून विचित्र. बचाव करणारी तीन गड्यांची तुकडी ठराविक वेळेपलीकडे टिकली की तिला गुण मिळू लागतात, हा त्याचा अर्थ. यात स्वप्न कोठेच नाही; आणि ‘रन’ म्हणजे धाव हे मराठी कानाला क्रिकेटने शिकविलेले असल्यामुळे, येथे कोणी धाव काढली काय, असा भ्रम मात्र होतो. दम आणि साखळी यांच्या बळावर मिळविलेले कौशल्याचे फळ या नावामुळे नशिबाच्या खेळासारखे भासते.

सर्वांत बोलके उदाहरण ‘स्काय डाइव्ह’ हे आहे. पहिल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजचा 46–45 असा एका गुणाने पराभव केला. अखेरच्या क्षणांत सूरज लांडे याने सूर मारून गडी बाद केला आणि सामना फिरला. ‘सूर मारणे’ हा वाक्प्रचार विहिरीवर पोहणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे आणि खो-खोच्या मराठी वृत्तांतांत तो रूढ आहे. ‘सूरजने सूर मारला, हात पोचला, गडी बाद’ असे वाक्य कल्पावे आणि त्याशेजारी ‘सूरजचा स्काय डाइव्ह सक्सेसफुल’ हे वाक्य ठेवावे. पहिल्यात तीन क्रिया क्रमाने घडतात. दुसऱ्यात एक संज्ञा आणि एक निकाल आहे. वर्णनाचा प्राण क्रियापदात असतो. परकी संज्ञा आली की मराठी क्रियापद गळून पडते, ही त्यातील खरी हानी होय. शब्दांच्या शुद्धतेचा मुद्दा त्यामानाने गौण आहे.

या संज्ञांच्या बाजूनेही एक युक्तिवाद संभवतो. पाच भाषांत एकाच वेळी दाखविल्या जाणाऱ्या लीगला समान परिभाषा लागते, आणि पडद्यावरील अक्षरे प्रत्येक भाषेसाठी बदलणे खर्चाचे असते. हा युक्तिवाद पडद्यावरील अक्षरांपुरता मान्य करता येईल. निवेदकाच्या तोंडच्या वाक्याला मात्र तो लागू पडत नाही. तेथे भाषा आधीच वेगळी केलेली आहे. शिवाय लीगच्या संज्ञा लीगपुरत्या राहत नाहीत. जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूंच्या नेतृत्वाखाली भारताच्या पुरुष व महिला संघांनी नेपाळला हरवून दोन्ही अजिंक्यपदे मिळविली. त्या स्पर्धेतही ‘ड्रीम रन’ हा शब्द सर्रास वापरला गेला. आज पडद्यावर सोय म्हणून आलेली संज्ञा उद्या खेळाची अधिकृत संज्ञा होते, ती अशी.

आता समोर ठेवलेल्या प्रेक्षकाकडे वळावे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, वडसा या पट्ट्यात झाडीबोली बोलली जाते, भामरागड, एटापल्लीकडे माडिया, अन्यत्र गोंडी, सिरोंच्याच्या बाजूस तेलुगू, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शी भागातील वसाहतींत बंगाली. येथील अनेकांना प्रमाण मराठी हीच शाळेत शिकलेली दुसरी भाषा आहे. म्हणून संस्कृतप्रचुर परिभाषेचा आग्रह धरणे या प्रेक्षकावर निराळ्या प्रकारचा अन्याय ठरेल. ‘संरक्षक’ आणि ‘आक्रमक’ हे शब्दही त्याला तितकेच दूरचे असू शकतात. मात्र पाटी, खांब, गडी, खो हे शब्द आश्रमशाळेच्या मैदानावर त्याच्या मुलाच्या तोंडी असतात. ते शब्द त्याने पुस्तकातून घेतलेले नाहीत, खेळता खेळता घेतलेले आहेत. येथील बहुभाषिक मुलांना ते समाईक आहेत.

धावत्या वर्णनाची कलाही या प्रदेशाला नवी नाही. शंकरपटाच्या दाणीवर ध्वनिवर्धक घेऊन उभा राहणारा निवेदक जोडीच्या मालकाचे नाव, त्याचे गाव आणि शर्यतीचा निकाल एका दमात सांगतो. हिवाळ्यातील कबड्डीच्या खुल्या सामन्यांतही तोच प्रकार चालतो. या वर्णनांत ण-काराच्या जागी न-कार येतो, वाक्ये अपुरी राहतात, इंग्रजी शब्दही असतात. परंतु कोण, कोठला आणि त्याने काय केले, या तीन गोष्टी ऐकणाऱ्याला कधी शोधाव्या लागत नाहीत. वाहिनीवरील निवेदनाला, त्याच्या सर्व साधनांसह, ही कसोटी पुष्कळदा पार करता येत नाही.

सारांश, पर्यायी लीगच्या प्रक्षेपणाचे मूल्यमापन करताना कॅमेऱ्यांची संख्या अथवा झगमगाट यांपेक्षा एक साधा प्रश्न विचारावा : या वर्णनाने प्रेक्षकाच्या जवळचे ज्ञान वापरले की बाजूस सारले? ‘वजीर’ या एका नावात ते वापरले गेले. ‘ड्रीम रन’ आणि ‘स्काय डाइव्ह’मध्ये बाजूस सारले गेले. अमेरिकन फुटबॉलला मराठीत शब्द नव्हते, हे त्याचे दुर्दैव म्हणता येईल. खो-खोला ते होते. आश्रमशाळेतल्या ज्या मुलीने साखळी आणि हुलकावणी शिकून घेतली आहे, तिला मोठ्या मैदानावरील खेळ पाहताना आपलाच खेळ ओळखू यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. मराठी वाहिनीने खो-खो दाखवावयाचा ठरविला त्याच क्षणी ही अपेक्षा तिने स्वतःवर ओढवून घेतली आहे, आणि ती पुरी करण्यासाठी तिला नवे शब्द घडविण्याचेही कष्ट नाहीत. मैदानावर जाऊन ऐकण्याचे तेवढे आहेत.