‘दिवास्वप्न’मधील वर्ग : एक चिकित्सक आकलन

प्रस्तावना
गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक १९३० च्या दशकाच्या आरंभी गुजरातीत प्रसिद्ध झाले. गोष्ट, खेळ, नाट्य यांच्या साहाय्याने वर्ग रंजक कसा करावा, हे सांगणारे पुस्तक म्हणून ते सहसा वाचले जाते. हे आकलन अपुरे आहे.

विवेचन
पुस्तकातील काल्पनिक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडून चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्याच दिवशी त्याने योजलेला शांततेचा खेळ मुलांच्या गोंगाटात कोलमडतो. या अपयशाचे खापर तो मुलांवर फोडत नाही. आपली योजना बाजूला ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्टीकडे वळतो. पुस्तकाचे मर्म या निर्णयात आहे. गोष्ट हे साधन आहे. समोरच्या मुलांना पाहून पाठ बदलण्याची तयारी हे तत्त्व आहे. सहकारी शिक्षकांच्या शंकेला आणि परीक्षेच्या धाकाला लेखकाने दिलेली जागा पाहता त्याला शाळेतील वास्तवाचे भान होते, हेही स्पष्ट होते.

मर्यादा
तथापि या शिक्षकाला वरिष्ठांची अनुमती आहे आणि त्याचे विद्यार्थी आधीच शाळेत आलेले आहेत. जी मुले शाळेपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांचा प्रश्न येथे उरतो. भावनगरला गिजुभाईंच्या सहकारी असलेल्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह तो हाती घेतला. १९४५ मध्ये बोर्डीत सुरू होऊन पुढे कोसबाडला स्थिरावलेल्या या कार्यातून कुरणशाळा उभी राहिली. गुरे राखणारी आदिवासी मुले वर्गात येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणावर गेली. ‘दिवास्वप्न’मध्ये पाठ बदलतो, कोसबाडला शाळेची जागा आणि वेळही बदलली.

निष्कर्ष
हा विचार बालशिक्षणापुरता मर्यादित नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाविद्यालयांतही विद्यार्थिकेंद्री अध्यापनाची चर्चा वाढली आहे. गटचर्चा व सादरीकरणे यांची नोंद अहवालात करणे सोपे आहे; परंतु सकाळी मजुरी करून येणारा विद्यार्थी किंवा संसार सांभाळून पुन्हा शिकू लागलेली स्त्री यांच्यासाठी तासिकेची वेळ, भाषा आणि गती बदलण्याची प्राध्यापकाची तयारी आहे काय, हा खरा प्रश्न आहे. तो अध्यापकांइतकाच, त्यांना तशी मोकळीक देणाऱ्या वा नाकारणाऱ्या संस्थेलाही लागू पडतो.