वित्तीय संस्थांच्या कार्यक्षमतेची तुलना : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

वित्तीय संस्थांची कार्यक्षमता मोजण्यासाठी डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनॅलिसिस अर्थात डीईए ही पद्धती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. फॅरेल यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या संकल्पनेला चार्न्स, कूपर व ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये गणिती रूप दिले. लहान बेटांच्या अर्थव्यवस्थांतील बँकांची तुलनाही या पद्धतीने केली जाते. हीच पद्धती ग्रामीण ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या शेजारच्या तालुक्यांना लावल्यास कोणत्या मर्यादा जाणवतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

पद्धतीचे गृहीतक

कर्मचारी, खर्च ही आदाने आणि कर्ज, उत्पन्न ही प्रदाने मानून सर्वोत्तम संस्थांच्या सीमारेषेपासून प्रत्येक संस्थेचे अंतर या पद्धतीत काढले जाते. ठेवींना आदान मानावे की प्रदान, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि या निवडीनुसार संस्थांचा क्रम बदलू शकतो. शिवाय सर्व संस्था समान परिस्थितीत काम करतात, असे येथे गृहीत धरलेले असते.

परिस्थितीतील भिन्नता

हे गृहीतक या दोन तालुक्यांत टिकत नाही. शहापूरमधून मुंबई-नाशिक महामार्ग व कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग जातो. मुरबाडची दळणवळणाची मुख्य वाट म्हणजे कल्याण-माळशेज रस्ता. संपूर्ण शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडमधील काही गावेच त्यात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे हस्तांतरित करण्यावर निर्बंध आहेत. वनहक्क कायदा, २००६ नुसार मिळालेली जमीन वारसाहक्काने मिळते, पण विकता येत नाही. हे निर्बंध न्याय्यच आहेत. तथापि अशा जमिनीचे तारणमूल्य त्यामुळे मर्यादित राहते. संस्थेचे कर्जवाटप कमी दिसले, तर तो दोष व्यवस्थापनाचा की परिस्थितीचा, हे केवळ गुणांकावरून कळत नाही.

ठेवींचेही तसेच आहे. समृद्धी महामार्गासाठी शहापूर तालुक्यात भूसंपादन झाले. मोबदल्याची रक्कम बँकेत जमा होताच ठेवी वाढतात. मात्र शेतजमीन कमी झाल्याने पीककर्जाची मागणी घटू शकते. परिणामी कर्ज-ठेव गुणोत्तर खालावते आणि शाखा विनाकारण अकार्यक्षम ठरते.

वगळलेला ऋणको

सर्वांत गंभीर मर्यादा याहून वेगळी आहे. भातकापणीनंतर वीटभट्टीवर जाणारे कातकरी कुटुंब मालकाकडून उचल घेते. ही उचल कोणत्याही बँकेच्या ताळेबंदात दिसत नाही. पाच हजारांचे कर्ज आणि पाच लाखांचे कर्ज यांच्या कागदपत्रांचे श्रम फारसे वेगळे नसतात. साहजिकच लहान ऋणकोला टाळणारी शाखा गुणांकात वर चढते आणि पाड्यावर पोहोचणारी संस्था मागे पडते. वगळण्यालाच अशा रीतीने कार्यक्षमतेचे प्रशस्तिपत्र मिळते.

समारोप

वरील विवेचनाचा अर्थ तुलना करूच नये असा नाही. परिस्थितीदर्शक चले विचारात घ्यावीत, दोन्ही तालुक्यांच्या सीमारेषा प्रथम स्वतंत्रपणे काढाव्यात आणि लहान कर्जखात्यांची संख्या हे प्रदान मानावे. तोपर्यंत केवळ गुणांकाच्या आधारे शाखा बंद करण्याचा वा संस्था विलीन करण्याचा निर्णय घेणे उचित नाही. कारण त्याची किंमत अखेर उचल घेणाऱ्या कुटुंबालाच मोजावी लागेल.