गोष्ट मित्राची, तोंड बापूचे

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी नाटकाच्या केंद्रस्थानी आणण्याचे धाडस त्यांनी केले, हे निर्विवाद. पण दलित साहित्याने मराठी समीक्षेला एक प्रश्न विचारायला शिकवले: बोलतो कोण? तोच प्रश्न मी या नाटकाला विचारतो.

नाटक सांगतो बापू. तो मित्राचा स्नेही, सहृदय आणि भित्रा. मित्रा दिसते ती त्याच्या नजरेतून. तिची वेदना पोहोचते ती त्याच्या हळहळीतून गाळून. मित्रा आत्महत्या करते, आणि सांगायला बापू उरतो. अस्पृश्याने मरावे व सवर्ण लेखकाने उसासा टाकावा, अशा कथा आपण पुष्कळ वाचल्या. त्यांना आपण कणव म्हटले, अनुभव म्हणायला नकार दिला. मग मित्रासाठी वेगळे माप कशाला?

‘हा पोट भरलेल्यांचा प्रश्न, आपला नव्हे,’ असे काही कार्यकर्ते म्हणतात. गिरणगावातल्या चाळीतून शिकून मास्तर झालेला मी त्यांना १९३४ सालाकडे नेतो. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परळच्या दामोदर हॉलमधून बहिष्कृतांचे काम पाहिलेल्या या बॅरिस्टरला तो प्रश्न परका वाटला नाही. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत मांडलेली संवैधानिक नैतिकता ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाचा कणा ठरली, आणि सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांवरील कलम ३७७ चा गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही.

निकालाआधी रस्ता होता. १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत मोर्चा निघाला. काहींच्या तोंडावर मुखवटे होते. मुखवट्यामागून का होईना, घोषणा त्यांच्याच होत्या. पुढे भटक्या समाजातून आलेल्या तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांच्या ‘कुरूप’ या संग्रहाने मुखवटाही ठेवला नाही. तिथे मध्ये कोणी बापू नाही.

म्हणून ‘मित्राची गोष्ट’ वर्गात जरूर शिकवावी. पण शेजारी ‘कुरूप’ ठेवून. मित्रा आपल्याही वर्गात बसलेली असते. तिची गोष्ट ती जिवंत असताना, तिच्याच तोंडून ऐकायची आपली तयारी आहे काय?