गुप्तवार्तेचा अभ्यास : पुराव्याची पारख की फसवण्याची कला?

परदेशांतील काही विद्यापीठांत गुप्तवार्ता हा पदवी परीक्षेचा विषय आहे. अमेरिकेतील मर्सीहर्स्ट महाविद्यालयाने असा अभ्यासक्रम १९९२ साली सुरू केला. अशा अभ्यासाला आता माहितीयुद्धाची, म्हणजे खोटी माहिती पेरणे आणि ओळखणे या विषयाचीही जोड मिळाली आहे. आपल्याकडेही काही महाविद्यालयांत संरक्षणशास्त्र शिकवले जाते. तेव्हा अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला यातले नेमके काय शिकवावे, हा प्रश्न शिक्षकांनी विचारात घेण्याजोगा आहे. त्यासाठी आम्ही एक जुने पुस्तक पुन्हा वाचून काढले : आर. व्ही. जोन्स यांचे ‘मोस्ट सीक्रेट वॉर’ (१९७८). पाठ्यपुस्तक म्हणून ते कितपत उपयोगी आहे, ते येथे पाहू.

जोन्स (१९११-१९९७) हे ऑक्सफर्डला शिकलेले भौतिकीतज्ज्ञ. सप्टेंबर १९३९ मध्ये ते ब्रिटनच्या हवाई मंत्रालयात वैज्ञानिक गुप्तवार्तेच्या कामावर रुजू झाले, तेव्हा त्यांना अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. युद्धानंतर ते अ‍ॅबर्डीन विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुस्तक पाचशेहून अधिक पानांचे असले तरी त्यातला उत्तम भाग वर्गात एका तासात मांडता येतो. तो म्हणजे ‘क्निकेबाइन’चा शोध.

१९४० च्या वसंतात पाडलेल्या एका जर्मन विमानात एक चिठ्ठी सापडली. तिच्यावर ‘क्निकेबाइन’ हा शब्द आणि ३१५ अंश अशी दिशा होती. जूनमध्ये एक जर्मन सांकेतिक संदेश उलगडला. त्यात क्लेव्ह या गावाचे नाव, तोच शब्द आणि ५३ अंश २४ मिनिटे उत्तर, १ अंश पश्चिम हे स्थान होते. हे ठिकाण मध्य इंग्लंडमधले. जोन्स यांनी तर्क केला की क्लेव्हहून इंग्लंडवर रेडिओची अरुंद शलाका सोडली जात असावी आणि विमाने अंधारात तिच्या आधाराने लक्ष्यावर जात असावीत. अशा शलाकेत दोन झोत किंचित एकमेकांवर येतात. एका बाजूला गेल्यास वैमानिकाला तुटक लघु ध्वनी ऐकू येतात, दुसऱ्या बाजूला दीर्घ ध्वनी, आणि बरोबर मध्ये दोन्ही मिळून अखंड सूर लागतो.

पण हे ध्वनी ऐकायला विमानात ग्राहक यंत्र हवे, आणि पाडलेल्या विमानांत तसे वेगळे यंत्र कोठेच सापडत नव्हते. एका युद्धकैद्याचे बोलणे चोरून ऐकले गेले. इंग्रजांनी कितीही शोधले तरी ते यंत्र त्यांना सापडायचे नाही, असे तो सोबत्याला सांगत होता. जोन्स यांनी त्याचा अर्थ असा लावला की यंत्र डोळ्यांसमोरच असले पाहिजे. धुक्यात विमान उतरवण्यासाठीचा लोरेंझ ग्राहक तर प्रत्येक विमानात होता. तो तपासणाऱ्या अभियंत्याला जोन्स यांनी विचारले, यात काही वेगळे आढळले का? उत्तर आले, वेगळे काही नाही, फक्त उतरण्याच्या कामाला लागतो त्यापेक्षा तो कितीतरी अधिक संवेदनक्षम आहे.

२१ जून १९४० रोजी पंतप्रधान चर्चिल यांच्यापुढे हा विषय निघाला. त्याच दिवशी दुपारच्या बैठकीत रेडिओ तरंगांचे नामांकित तज्ज्ञ एकर्स्ली यांनी आक्षेप घेतला की इतक्या लहान लांबीचे तरंग पृथ्वीच्या वक्रतेभोवती एवढे वळणार नाहीत. हा आक्षेप मुळीच पोरकट नव्हता. विद्यार्थ्यांना गणित करू द्यावे. प्रक्षेपकाची उंची सोडून दिली, तर ६ किलोमीटर उंचीवरील विमानाचे क्षितिज सुमारे २७५ किलोमीटरवर येते. क्लेव्हपासून मध्य इंग्लंड त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर आहे. तज्ज्ञाचे मत ऐकून शोधासाठीचे नियोजित उड्डाण रद्द करावे, असाही विचार निघाला. जोन्स यांनी तो मान्य केला नाही. त्याच रात्री विमान गेले आणि ३१.५ मेगाहर्ट्झ कंप्रतेची, जेमतेम चार-पाचशे यार्ड रुंदीची शलाका त्याला सापडली. दुसरीही एक शलाका सापडली. दोन्ही डर्बी येथील रोल्स-रॉइसच्या कारखान्यापाशी छेदत होत्या. विमानांची इंजिने तेथे बनत.

यातला धडा ‘तज्ज्ञ चुकतात’ हा नव्हे. चिठ्ठी, सांकेतिक संदेश, कैद्याचे बोलणे आणि यंत्राची तपासणी हे पुरावे वेगवेगळ्या वाटांनी आले आणि एकाच ठिकाणी पोहोचले. त्यांच्याविरुद्ध एक सैद्धांतिक अंदाज उभा राहिला, तेव्हा निर्णय प्रयोगावर सोपवला गेला. विज्ञानाची रीत याहून वेगळी नाही.

दुसरे उदाहरण ऑस्लो पत्राचे. नोव्हेंबर १९३९ मध्ये तेथील ब्रिटिश वकिलातीत जर्मन शस्त्रसंशोधनाची माहिती देणारे निनावी पत्र आले. एकाच माणसाला इतके ठाऊक असणे शक्य नाही, तेव्हा हे शत्रूनेच पेरलेले असणार, असे अनेकांनी ठरवले. जोन्स यांनी ते जपून ठेवले आणि नवी माहिती येईल तसतसे त्यातील एकेक विधान ताडून पाहिले. काही विधाने चुकीची निघाली, बरीच खरी ठरली. ते पत्र सीमेन्समधील भौतिकीतज्ज्ञ हान्स फर्डिनांड मायर यांचे होते, हे जोन्स यांनी १९८९ साली आपल्या दुसऱ्या पुस्तकात उघड केले. निनावी मजकूर सबंध खरा मानू नये, तसाच सबंध खोटाही मानू नये. विधाने एकेक करून तपासावीत. मोबाइलवर रोज आलेला मजकूर पुढे ढकलणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना याची गरज कोणत्याही गुप्तहेराइतकीच आहे.

आता पुस्तकाचे दोष. घटनांनंतर तीसहून अधिक वर्षांनी लिहिलेली ही विजेत्याची कथा आहे. ती वाचताना कोणता धागा महत्त्वाचा हे आपल्याला आधीच कळते. १९४० साली तो धागा शेकडो निरर्थक धाग्यांत गुंतलेला होता. अपयशाचीही नोंद येथे आहे. नोव्हेंबर १९४० मध्ये कॉव्हेंट्री शहरावर हल्ला झाला, तेव्हा शत्रूच्या शलाकेत गोंधळ घालणारा सूर २००० ऐवजी १५०० हर्ट्झवर लावला गेला होता. त्यामुळे जर्मन ग्राहकाची गाळणी तो सहज वेगळा काढू शकली. पण पुस्तकात असे प्रसंग यशाच्या मानाने थोडे आहेत.

म्हणून त्याच्या जोडीला रिचर्ड्स ह्यूअर यांचे ‘सायकॉलॉजी ऑफ इंटेलिजन्स अ‍ॅनालिसिस’ (१९९९) द्यावे. अमेरिकी गुप्तवार्ता संस्थेनेच ते प्रसिद्ध केले. त्यात एका प्रयोगाची हकिकत आहे. घोड्यांच्या शर्यतींचे भाकीत करणाऱ्या आठ अनुभवी जाणकारांना प्रथम ५, मग १०, २० आणि ४० बाबींची माहिती दिली. भाकितांची अचूकता जवळजवळ होती तेवढीच राहिली, आत्मविश्वास मात्र वाढत गेला. जोन्स यांच्या कथेवर हा चांगला उतारा आहे.

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात लंडनवर व्ही-१ हे उडते बॉम्ब पडू लागले. ते कोठे पडतात हे जर्मनांना आपल्या हेरांकडून हवे होते, आणि ते हेर ब्रिटिशांनी फितवलेले होते. जोन्स यांनी सुचवले की लांब पडलेल्या बॉम्बचे ठिकाण आणि अलीकडे पडलेल्या बॉम्बची वेळ अशी सांगड घालून कळवावे. म्हणजे बॉम्ब लांब जातात असे समजून शत्रू पल्ला आणखी कमी करील. याचा अर्थ दाट वस्तीचे मध्य लंडन वाचवण्यासाठी दक्षिण लंडनवर अधिक बॉम्ब ओढवून घेणे. जोन्स यांचे आईवडील आणि त्यांची जुनी शाळा दक्षिण लंडनमध्येच होती, हे ते प्रामाणिकपणे नोंदवतात. मंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी या योजनेला विरोध केला होता : कोणी मरावे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? या प्रश्नाला जोन्स फार जागा देत नाहीत. आमच्या मते अभ्यासक्रमात सर्वांत अधिक वेळ यालाच द्यायला हवा. माहितीयुद्धातले खोटे केवळ शत्रूच्या कानावर जात नाही. त्याची किंमत ज्यांना काहीच विचारलेले नसते अशी माणसे मोजतात. तंत्र शिकवून हा प्रश्न टाळणारा अभ्यासक्रम कुशल फसवे तयार करील.

महाविद्यालयीन ग्रंथालयांत हे पुस्तक जरूर असावे. शिक्षकांनी क्निकेबाइनचे पुरावे वेगवेगळ्या कागदांवर लिहून, उत्तर न सांगता, विद्यार्थ्यांत वाटावेत. एकर्स्ली यांचा आक्षेपही एका कागदावर द्यावा. उड्डाण करावे की नाही हे विद्यार्थ्यांनीच ठरवावे आणि कारणे लिहून काढावीत. पुढचा तास दक्षिण लंडनसाठी राखून ठेवावा.