खाचेतली चीप

घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडे, भर पावसाळ्यात एखाद्या वावरातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अचानक ओळखू येईनाशी होते. पंजासारखं रुंद पान आखडतं, त्याची बोटं लांबतात, शिरा एकमेकींना बिलगतात. ‘पानं भेंडीवानी झाली,’ लोक म्हणतात. कारणही त्यांना ठाऊक असतं. शेजारच्या बांधावर कुणी टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि वारा इकडचा होता. नाहीतर तणनाशकाचा पंप नीट न धुता त्यातच कीटकनाशक भरलं. कपाशी या औषधाला फार हळवी.

शेतकऱ्याला त्या पानात नुकसान दिसतं, आणि ते खरंच असतं. मला त्यात एका रेणूची सहीही दिसते. टू-फोर-डी ही ऑक्झिनची, म्हणजे झाडाच्या शेंड्यात तयार होणाऱ्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल आहे. ऑक्झिनला ओळखणारं टीआयआर-१ हे प्रथिन २००५ साली दोन संशोधक गटांनी एकाच वेळी ओळखलं आणि २००७ मध्ये निंग झेंग यांच्या प्रयोगशाळेने त्याची स्फटिकरचना मांडली. ती पुन्हा पुन्हा पाहावी अशी आहे.

कुत्र्याच्या छत्रीसारखा आकार. वरच्या छत्रीत तीच ती घडी अठरा वेळा फिरत जाते आणि माथ्यावर एक खाच उरते. ऑक्झिन त्या खाचेत उतरतं, त्याचं आम्लाचं टोक तळाशी एका आर्जिनीनला धरून बसतं. एवढं झालं की ग्राहक प्रथिन अंग चोरेल, वळेल, असं आपण धरून चालतो, कारण कुलूप-किल्लीची गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली. इथे तसं काही होत नाही. खाच फक्त भरते. मग त्या भरलेल्या जागेवर दुसरं एक प्रथिन, ऑक्स/आयएए, झाकणासारखं येऊन टेकतं.

शास्त्रज्ञ याला रेण्वीय डिंक म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. डिंक दोन्ही बाजूंना माखतो, चिकटवतो. ऑक्झिनचं काम चुन्याशिवाय रचलेल्या भिंतीतल्या चिपेचं आहे. दोन दगडांमध्ये पोकळी राहते, वरचा दगड डुगडुगतो. गवंडी नेमकी चीप शोधून सारतो आणि दगड बसतो.

बसलेलं ऑक्स/आयएए मात्र तिथेच संपतं. त्याच्यावर युबिक्विटिनची खूण चढते आणि पेशीतली मोडयंत्रणा त्याचे तुकडे करते. हे प्रथिन वाढीच्या जनुकांना दाबून ठेवणारं होतं. ते गेलं की जनुकं मोकळी होतात. म्हणजे ऑक्झिन ‘वाढ’ असा हुकूम देतच नाही. ‘नको’ म्हणणाऱ्याला ते नेमक्या जागी आणून बसवतं.

त्या रचनेत एक अनाहूत पाहुणाही सापडला. खाचेच्या अगदी खाली फायटिक ॲसिडचा रेणू ठाण मांडून होता. घाटावर चिखली-मेहकरकडे पिकणाऱ्या सोयाबीनच्या दाण्यात जे भरपूर असतं, तेच हे. लोह आणि जस्त अडवून धरतं म्हणून आहारतज्ज्ञ त्याला नावं ठेवतात. इथे ते खाचेला खालून आधार देतं.

आता टू-फोर-डी. तेही त्याच खाचेत बसतं, ऑक्झिनच्या इंडोल वलयाच्या जागी दोन क्लोरीन लावलेलं वलय घेऊन. गंमत म्हणजे अस्सल ऑक्झिनपेक्षा त्याची पकड सैल असते. तरी विष तेच ठरतं, कारण झाड आपलं ऑक्झिन लगेच बांधून ठेवतं किंवा मोडून टाकतं. ही नक्कल कपाशीला तितक्या सहज मोडता येत नाही. चीप सुटली तरी पुन्हा पुन्हा येऊन बसते, दाबणारी प्रथिनं एकामागून एक संपत राहतात, आणि पानाला कुठे थांबायचं हे कळेनासं होतं.

आणि पातेगळ थांबावी म्हणून कृषी केंद्रातून आणून शेतकरी स्वतःच जे एनएए, म्हणजे आणखी एक कृत्रिम ऑक्झिन, फवारतो? त्याचीही खाच हीच. २००७ च्या रचनांमध्ये तिन्ही रेणू आळीपाळीने याच जागी बसलेले दिसतात.

मात्रा थोडी असेल तर पऱ्हाटी सावरते. वरची नवी पानं पुन्हा पंजासारखी रुंद येतात. मधल्या पेरांवर मात्र भेंडीवानी झालेली दोन-चार पानं तशीच राहतात, त्या दिवशी वारा कुठून वाहत होता ते सांगत.